उतरवून घेतलेले आजोबा

पेठ रोड, नाशिक
रविवार

पुक्, पुक्, पुक्, पुक्.

दत्तू, ओळखलास ना आवाज? आपल्या शाळेच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. तिच्या इंजिनाच्या नळीवर तात्या गिरणीवाल्याने डालड्याचा रिकामा डबा उपडा घातला होता, आणि धूर त्या डब्याला टपल्या मारत बाहेर पडायचा. तिसरी-चौथीच्या सगळ्या कविता आपण त्याच ठेक्यावर पाठ केल्या. दळण जास्त असलं की नदीची कविता पूर आल्यासारखी धावायची, आणि तात्याने इंजिन बंद केलं की अख्खा वर्ग कडव्याच्या मध्यावर तोंड उघडं ठेवून थांबायचा. (गुरुजीसुद्धा थांबायचे. त्यांना वाटायचं, पुढची ओळ आपणच विसरलो.) आज दुपारी जरा डोळा लागला होता, तोच तो आवाज पुन्हा कानावर आला आणि मी झोपेतच दोन कडवी म्हणून टाकली. जागा झालो तर वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावत होतं. पण कविता बरोबर ठेक्यात बसली, हे मात्र नमूद करतो.

तर आधी आवाज आणि मग नमस्कार, असा उलटा क्रम झाला. माझा बालमित्र दत्तू यास गोरक्षचा नाशिकहून मनापासून नमस्कार, वहिनींनाही सांग. तुझा गुडघा काय म्हणतो? साखर तपासलीस का? मुलाच्या कारखान्यात मागांपाशी बसून बसून तुझे कान गेले, त्यामुळे तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे दोघांनी दोन वेगळ्या विषयांवर भाषण करणं झालं आहे. म्हणून सगळं लिहूनच कळवतो. हे पत्र संध्याकाळच्या मालेगाव गाडीच्या कंडक्टरजवळ देईन. एस.टी.तून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी नियंत्रकाच्या खोलीतली पोरं अजून मला खुर्ची देतात. (सुरगाणा गाडी लागली की मी ती माईकवरून चालीत पुकारायचो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं आहे. साहेबांनी एकदा मेमो दिला होता. पण गाडी कुणाची चुकली नाही.)

विषय गंभीर आहे. माझ्या नातीला, हर्षालीला, सल्ला द्यायचा आहे. तो मी द्यायचा आहे, असं घरात ठरलं आहे. आणि घडलं काय, हेच मला अजून नीट उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उमगलं तर बरं.

मागच्या रविवारी मी घरी एकटा होतो. मोहिनी, म्हणजे आमची सूनबाई, भाजी आणायला गेली होती आणि हर्षाली आतल्या खोलीत कानात ते बोंडूक घालून अभ्यास करत होती. बेल वाजली. दारात हर्षालीच्या मराठीच्या आशा मॅडम. त्यांना मी शाळेच्या कार्यक्रमात लांबून पाहिलेलं होतं, त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. फिक्या रंगाची साडी, चेहरा उतरलेला. या म्हटलं. त्या आत आल्या आणि सोफा रिकामा असताना थेट खाली सतरंजीवर बसल्या. दत्तू, सोफा सोडून माणूस सतरंजीवर बसतं ते कशासाठी, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मी ओळखलं, बाईंच्या घरात कुणीतरी गेलंय. आता दुखवट्यातल्या माणसासमोर आपण सोफ्यावर कसं बसायचं, म्हणून मीही गुडघ्यांची समजूत काढत खाली बसलो.

अशा वेळी गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही आणि विचारत तर नाहीच. दोघांनी फरशीकडे बघायचं, मधून मधून सुस्कारा टाकायचा. मी म्हटलं, "झालं ते वाईट झालं." त्या म्हणाल्या, "हो ना, काका." मी म्हटलं, "माणूस भला होता." (हे कुणाबद्दलही चालतं.) त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. म्हणाल्या, "अगदी शेवटपर्यंत झाडावर चढायचे म्हणे." मला वाटलं यांचे सासरे असणार. मी म्हटलं, "जुनं हाड. ऐकतंय कुणाचं?" त्या म्हणाल्या, "आणि पावरी काय वाजवायचे." मी म्हटलं, "आता कोण वाजवतं पावरी." मग मी चहाचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, या घरात आज नको. मला जरा लागलं. आमच्या घरात काय वाईट आहे? पण दुःखात माणूस काहीही बोलतं, म्हणून सोडून दिलं.

मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर हार घातलेला फोटो एकच, हर्षालीच्या आजीचा, आमच्या मालनचा. त्या फोटोकडे बघत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही त्यांचे थोरले की धाकटे?" आता मी आमच्या भावांत धाकटा, म्हणून धाकटा म्हणून सांगितलं. मला मध्येच शंका आली की या मालनसाठी तर आल्या नसतील? पण मालन जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ती झाडावर कधी चढली नाही.

एवढ्यात मोहिनी पिशव्या घेऊन आली. "अगंबाई, मॅडम? आणि बाबा, तुम्ही दोघं खाली का बसलात?" मॅडम उठून तिचे हात हातात घेत म्हणाल्या, "हर्षालीच्या आजोबांचं कळलं. राहवलं नाही." मोहिनीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "काय कळलं? काय केलं यांनी?" (तिला आधी हेच सुचलं, हे ध्यानात घे.) मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. मोहिनी म्हणाली, "हेच ते हर्षालीचे आजोबा. दुसरे ओझरला आहेत, सकाळीच फोन झाला." मॅडम मटकन सोफ्यावर बसल्या. मी खालीच राहिलो, कारण मला एकट्याला उठता येत नव्हतं.

त्यांनी पर्समधून निबंध काढला. आठवीला प्रकल्प होता, 'माझे आजोबा किंवा माझी आजी', प्रत्यक्ष अनुभवावरून. हर्षालीचा निबंध वर्गात पहिला आला होता. तो मी बसल्या जागी वाचला. त्यातले आजोबा पेठकडच्या डोंगरातले, पांढऱ्या मिशांचे, कमरेला भोपळ्याची पावरी. भाताच्या राखणीला माळ्यावर झोपतात, वाऱ्यावरून पाऊस सांगतात, नातवंडाला खांद्यावर घेऊन डोंगर चढतात. आणि नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात आजारी पडून, नातीचा हात हातात घेऊन जातात. दत्तू, तुला म्हणून सांगतो, वाचता वाचता मला त्यांचा लळा लागला. शेवटच्या ओळीला डोळ्यांत पाणीच आलं. मग लक्षात आलं की गेलो ते आपण. वर्गाने माझ्यासाठी उभं राहून शांतताही पाळली होती. हा वर्ग एरवी कुणासाठीच शांत राहत नाही, असं मॅडम म्हणाल्या. त्या क्षणी मला कसं वाटलं ते मला सांगता येत नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण थोडं बरंही वाटलं.

हर्षालीला बाहेर बोलावलं. ती आली, आम्हा तिघांकडे पाहिलं, निबंधाकडे पाहिलं, आणि कानातली बोंडकं काढून ठेवली. सगळं खरं सांगितलं. क्लासमधला ललित म्हणून एक मुलगा आहे, शाळा वेगळी, घर मूळचं पेठकडचं. त्याला त्याच्या शाळेत हाच विषय होता. त्याचा निबंध तिने उतरवून घेतला. मॅडमनी विचारलं, पण आजोबांना मारलं कशाला? ती म्हणाली, "त्याच्यात वारले होते." मॅडम मारणाऱ्या-ओरडणाऱ्या नाहीत. त्या म्हणाल्या, शिक्षा नको, पण तुझ्या स्वतःच्या आजोबांवर निबंध लिहायचा आणि मंगळवारी, म्हणजे आता परवा, वर्गासमोर उभं राहून वाचायचा, आधी काय झालं होतं तेही तूच सांगायचं. नाहीतर गोष्ट मुख्याध्यापकांकडे जाईल, आणि वक्तृत्वाच्या संघातून नाव जाईल. आता हे वक्तृत्व म्हणजे पोरीचा जीव की प्राण. आंघोळ करतानाही 'सन्माननीय परीक्षक' म्हणून सुरुवात करते. तेव्हापासून घरात ती कुणाशी धड बोललेली नाही.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या रविराजने, पोरीच्या बापाने, पुण्याहून फोन केला आणि म्हणाला, त्यात काय एवढं, आम्ही ऑफिसात रोज एकमेकांचंच उतरवतो, फक्त फॉन्ट बदलतो. मोहिनीने त्याचा फोन बंद केला. मग मोहिनीच म्हणाली की आजकाल मोबाईलला सांगितलं की तो लिहून देतो, पण ते नको, निदान नमुना म्हणून बघू. बघितलं. मोबाईलच्या आजोबांना काठी होती, चष्मा होता आणि ते रोज बोधपर गोष्टी सांगत. माझ्याकडे काठी नाही. मोहिनी म्हणाली, बाबा, तुम्हीच बोला तिच्याशी, तुमचं ती ऐकते. (हे खरं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.)

म्हणून मी हर्षालीला गच्चीवर नेलं. मनात भाषण तयार होतं. सुरुवात आपल्या चौथीच्या त्या सुगरणीच्या कवितेपासून करायची, घरटं स्वतःच्या चोचीने विणावं लागतं, असं सांगायचं, मग दिव्याच्या कवितेवर यायचं, शेवट नदीने. मी सुगरण पुरी म्हटली, दिवा पुरा म्हटला, नदीच्या दुसऱ्या कडव्यावर होतो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, हे पण सगळं दुसऱ्यांचंच आहे ना?"

मी थांबलो. गिरणी बंद पडल्यावर थांबायचो तसाच.

ती म्हणाली, "मी खरंच बसले होते तुमच्यावर लिहायला. आजोबा सकाळी उठतात, कविता म्हणतात, चहा घेतात, कविता म्हणतात. पाच ओळी झाल्या. वीस ओळी हव्या होत्या. तुम्ही स्वतःचं कधी काही सांगितलंच नाही." आणि खाली निघून गेली.

दत्तू, तेव्हापासून मी गोंधळलो आहे. पाठ म्हणणं आणि उतरवून घेणं यात फरक आहे ना? आपण कविता म्हणतो तेव्हा ती आपली म्हणून मिरवत नाही, चौथीच्या पुस्तकातली म्हणून सांगतो. पण मालनचा हात मागायला गेलो तेव्हाही मी कविताच म्हटली होती, आणि तेव्हा पुस्तकाचं नाव सांगितलं नव्हतं. रविराज झाला तेव्हा कविता, बदली झाली तेव्हा कविता. मग मी स्वतः नेमका कुठे बोललो? आणि चौदा वर्षं एका घरात राहून माझ्या नातीला माझ्यावर पाच ओळी मिळाव्यात, आणि दुसऱ्याचा आजोबा उसना आणावा लागावा, यात चूक तिची की माझी, हे मला ठरवता येत नाही. चोरीचं मला फारसं लागलं नाही. निवडीचं लागलं.

त्या ललितला मी क्लासबाहेर भेटलो. शेवटी त्याच्या घरचा मोठा माणूस गेलेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बाळा, फार मोठा माणूस होता." पोरगं कानापर्यंत लाल झालं आणि सायकल हाणत गेलं. भरून आलं असणार. मग मी गोदाकाठी गंगेवर गेलो आणि त्या आजोबांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडलं. आपण त्यांचं मरण वापरलं, एवढं तरी करायला हवं.

आणि काल जे झालं ते कुणाला सांगू नकोस. माझ्या मनात आलं, पोरीला लिहायला काही हवं ना, मग काही घडवावं. आमच्या सोसायटीच्या मागे जांभळाचं झाड आहे, पहिली फांदी अगदी कमरेएवढी. तिच्यावर चढणं सोपं होतं. दुसरीवरही गेलो. तिथून खाली पाहिलं आणि दत्तू, जमीन कुठल्या कुठे गेली होती. मी खोडाला मिठी मारून बसलो. वॉचमन राजू धावत आला. "बाबा, काय करताय? खाली या." मी म्हटलं, मी इथे बरा आहे. तो म्हणाला, "बरे काय? सेक्रेटरीनं पाहिलं तर माझं काय सांगू? आजोबांना जांभळं लागली म्हणू? सीझन तरी हाय का?" मी त्याला म्हटलं, जरा धीर धर, मला एक कविता आठवते आहे. खरं तर पाय कुठे ठेवायचा ते आठवत नव्हतं.

शेवटी हर्षाली स्टूल घेऊन आली. राजूने स्टूल धरलं आणि ती खालून सांगत राहिली, "आजोबा, डावा पाय. तो नाही, तुमचा डावा." मी म्हटलं, हर्षू, ते आजोबा कसे चढत असतील गं? तिने वर पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासारखं व्हायला चढलात?" मी कबूल केलं नाही. मी म्हटलं, हवा खायला चढलो. ती स्टुलाला धरून इतकी हसली की राजूला स्टूल एकट्याला सांभाळावं लागलं. सबंध आठवड्यात पहिल्यांदा हसली. मीही खाली येऊन हसलो. नंतर पाठीला बाम तिनेच लावला, आणि लावताना विचारलं की सुरगाणा गाडी तुम्ही कोणत्या चालीत पुकारायचा. मी पुकारून दाखवली. पण हे काही निबंधात लिहायचं नाही, अशी मी तिला सक्त ताकीद दिली आहे. वर्गासमोर आजोबा झाडावर अडकलेले बरे दिसत नाहीत.

तर सल्ला असा ठरवला आहे. आज रात्री जेवणं झाली की तिला सांगणार आहे: बाळ, दुसऱ्याचं कितीही देखणं असलं तरी ते आपल्या नावावर सांगू नये. आपलं पाच ओळींचं असेल तर पाचच ओळी वाचाव्यात, मान वर करून वाचाव्यात, आणि खाली बसावं. वर्ग हसला तर हसू द्यावा. उभं राहून खरं सांगणं हेसुद्धा वक्तृत्वच आहे. कसं वाटतं? हे वाक्य मी कुठे वाचलेलं नाही, असं मला वाटतं. तुला कुठल्या कवितेत आढळलं असेल तर लगेच कळव, म्हणजे बदलता येईल.

गुडघ्याला शेक दे. वहिनींच्या हातच्या लोणच्याची इकडे आठवण निघते. कारखान्यात फार वेळ बसू नकोस.

तुझाच,
गोरक्ष

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. वीस ओळी लागतात आणि हाताशी पाचच आहेत. माझ्या आयुष्यात काही घडलं होतं का, तुला आठवतं का? मला आठवतात त्या सगळ्या कविता. काही नसेल तर तुझं एखादं पाठव. तू पुरात उडी मारून वासरू काढलं होतंस, ते फार चांगलं आहे. तुझी नातवंडं मालेगावला, नाशिकच्या आठवीत कुणाला कळणार आहे? मी तिला सांगेन की वासरू मी काढलं. वासराचा रंग तेवढा लिही, पोरं आजकाल बारीकसारीक विचारतात.

ता. क. दुसरा. घाई नाही. हर्षाली मघापासून दार लावून लिहीत बसली आहे, पाणी द्यायच्या निमित्ताने मी डोकावलो. पहिली ओळ दिसली: 'माझे आजोबा जिवंत आहेत आणि काल ते जांभळाच्या झाडावर अडकले होते.' ताकीद देऊन काही उपयोग झाला नाही. तीन पानं भरली आहेत आणि अजून लिहिते आहे. मला वाचायला देत नाही, म्हणते मंगळवारी वर्गात येऊन ऐका. जावं की नाही? त्या वर्गाच्या हिशेबी मी गेलेला माणूस आहे. वासरू मात्र पाठवच, असू दे हाताशी.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच बेल वाजली. मी दार उघडलं. दारात एक उंच म्हातारा, डोक्याला टॉवेल, हातात नागलीच्या पिठाची पिशवी, मागे खाली मान घालून सायकलवाला ललित. म्हातारा म्हणाला, "मी बुधा. याचा आजा." दत्तू, मी याच माणसाच्या नावाने गंगेत पाणी सोडून आलोय. मी दाराला धरून उभा राहिलो. तो म्हणाला, "तुमच्या पोरीच्या बाईंचा फोन आला व्हता घरी. पोरगं म्हनतं, त्यानं तुमच्या नातीचा निबंद उतरवला. मंग म्हटलं, आपन जाऊन मापी मागावी. मी काय झाडावर चढत नाय, गुडघे गेले. पावरी तं जल्मात हातात धरली नाय. पन पोरानं वाचून दाखवलं, लय ग्वाड वाटलं. पावरी वाजवनारे ते तुमीच ना, दादा?"

म्हणजे ते डोंगरातले आजोबा ललितचेही नव्हते, आणि मरणाच्या शेवटच्या ओळी त्याने या आज्याला वाचून दाखवलेल्या नाहीत. तो आत येऊन बसला आहे, माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघतो आहे, आणि मी अजून नाही म्हटलेलं नाही. दत्तू, तुला पावरी वाजवता येते का, ते उलट गाडीने कळव.